अकरा पावलांची चरी

ती घटना विसरावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली. नोकरीत जमलं नाही, पेन्शनीत जमलं नाही, आणि आता घरात बोलायला कोणी उरलं नाही तर ती जास्तच वर येते. माझी बायको आठ महिन्यांपूर्वी गेली. हे प्रकरण तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी चोर-दरोडेखोरांच्या गोष्टी लोकांना रंगवून सांगायला लागलो की ती आतून म्हणायची, "ती खडीची सांगा की. ती का न्हाय सांगत?" म्हणून ती सांगतो.

मी मराठी चौथी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, जमादार झालो. अक्षर बरं होतं म्हणून ठाण्यातलं लिहिणं माझ्याकडे असायचं. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका छापणाऱ्याने सुधाराव्यात, मजकूर सुधारू नये. नाव कोणाचंच देत नाही. मेलेल्यांची नातवंडं जिवंत आहेत.

इंग्रजांचा अंमल होता. सोलापुराहून वळसंगाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ठाणं. फौजदार एक, मी जमादार, शिपाई पाच. त्या वर्षी रस्त्यावर नवी खडी पडली होती. आधी खडी, वर मुरूम, मग पाणी आणि मग रूळ, अशी रीत. पण रूळ असायचा एक आणि रस्ता कोसच्या कोस. म्हणून ठेकेदार लोक एक युक्ती करायचे. कडेची जी जुनी घट्ट चाकोरी असे तिच्यावर चुना फासलेले धोंडे ओळीने मांडून ती बंद करायची. मग गाडीवाल्यांना झक मारत नव्या खडीवरून जावं लागे, आणि रुळाचं काम बैलांचे खूर आणि गाड्यांच्या लोखंडी धावा करत. बैलांचे खूर रक्ताळायचे. ठेकेदाराचं काय जात होतं?

ह्या कामावर ठेकेदाराचा मुलगा देखरेख करी. पंचविशीचा, शिकून आलेला, आणि त्याच्याकडे नवी फटफटी. तेव्हा सबंध तालुक्यात दोन-चार फटफट्या असतील. हा रोज सकाळी कामावर येई तो धुरळा उडवत, आणि बाया-पोरं बघायला उभी राहत म्हणून आणखी जोरात.

एके दिवशी सकाळी तो बैलगाडीत बसून ठाण्यात आला. गुडघा सोललेला, कोट फाटलेला.

"जमादार, लिहून घ्या," तो म्हणाला. "एका धनगराने शेतातून दगड मारला. खांद्यावर बसला. गाडी हातातून गेली आणि त्याचीच बायको आडवी आली."

"बाई?"

"मेली असावी."

असावी म्हणाला. मी तेव्हा ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. फौजदार साहेब बाहेरगावी तपासाला गेले होते. मी फिर्याद घेतली आणि दोन शिपाई घेऊन जागेवर गेलो.

बाई रस्त्याच्या कडेला पडली होती, धोंड्यांच्या ओळीपलीकडे, जुन्या चाकोरीवर. अंगावर घोंगडी घातलेली. धनगर उशाशी बसला होता. मेंढरं लांब पांगली होती. बाईच्या पायापासून पाच-सहा हातांवर एक धोंडा पडला होता. फटफटी आडवी. तिथे वळसंगाचे दोन गाडीवान होते. मी विचारलं, "ह्याच्या हातात दगड होता का?"

"हुता की," थोरला म्हणाला.

"मारताना पाहिलं?"

"मारताना न्हाय. उचललेला बघितला. आमी आलो तवा बाई पडलेली हुती आन् ह्यो फटफटीवाल्याच्या डोक्यावर धोंडा घिऊन उभा."

मी लिहिलं: 'आरोपीच्या हातात दगड असताना पाहिले.' पुढचं लिहिलं नाही. जे लिहिलं त्यातला शब्दनशब्द खरा होता. खोटं लिहायला शिकावं लागत नाही, खरं अर्धं लिहिलं की झालं.

धनगराला ठाण्यात आणला. पन्नाशीला टेकलेला, काटक माणूस. डोळ्यांत पाणी नाही. त्याचाच मला संशय आला. बायको मेली आणि रडत नाही म्हणजे मनात पाप आहे, असा आमचा तेव्हाचा हिशोब. माझी गेली तेव्हा मीही रडलो नाही. तीन दिवस नाही. तेव्हा कळलं.

"दगड का मारलास?"

"म्या न्हाय मारला."

"मग उचललास कशाला?"

"मारायलाच उचलला हुता."

एवढं ऐकलं आणि मी त्याच्या थोबाडीत दिली. एक नाही, दोन. तो पुढे काहीतरी बोलत होता. "ती हलल्यागत वाटली, सायेब. म्हून टाकला आन् तिच्याकडं गेलो," असं. माझ्या कानांना पहिलं वाक्य पुरलं होतं. आरोपीने कबुली दिली, असं मी स्टेशन डायरीत चढवलं आणि त्याला कोठडीत टाकलं.

मग मयताचे कागद. प्रेत सोलापूरला सरकारी दवाखान्यात पाठवायचं तर सोबत चिठ्ठी लागते. नाव, वय, जखमा, आणि एक रकाना वारसाचा. आरोपीला वारस दाखवायचं नाही, अशी आमच्या ठाण्याची रीत होती. कुठल्या कायद्यात आहे ते मला आजवर सापडलं नाही. आधीचा जमादार तसं करायचा, म्हणून मी. त्या रकान्यात मी लिहिलं, 'हजर नाही.' तो माझ्यापासून आठ पावलांवर गजाआड बसला होता.

गाडी निघाली तसा तो उठून गजाला आला. "सायेब, म्या येतो संगं. बेड्या घाला. तिला माती दिऊन परत येतो."

मी म्हणालो, "गप बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक वडारीण ठाण्याच्या आवारात आली. खडी फोडणारी बाई, साठीची, हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. शिपायाने तिला हटकलं. तिने त्याला बाजूला सारलं आणि सरळ माझ्या पुढ्यात उभी राहिली.

"धनगराला मारलास म्हनं."

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय. मुकादम दंताळी घिऊन आलाय. खडी सारखी करा म्हनतो, मालकाचा निरोप हाय. मी म्हनलं, काल बाई मेली तितं आज दंताळं? तर म्हनतो, म्हातारे, तुजी मजुरी बंद."

"मग तू काय केलंस?"

"बसले त्या खडीवर. सुनंला बसवून आलेय आता. लवकर चल. ती भित्री हाय, उठंल."

मी हसलो नाही, पण हसू येत होतं. मी सायकल हळू चालवत होतो, ती बाजूने चालत होती, आणि वाटेत तिने मला आणखी सुनावलं. "तो दगड बघितलास का? मुद्देमाल म्हनून आनलास त्यो?"

"आणलाय."

"त्याला चुना हाय का न्हाय?"

मी सायकलवरून खाली उतरलो. चुना होता. मी स्वतः त्याला चिठ्ठी चिकटवली होती आणि चुना माझ्या बोटांना लागला होता. मी हात विजारीला पुसले होते, बस्स.

"त्यो आमच्या वळीतला धोंडा," ती म्हणाली. "शेतातनं आला म्हनतोस, तर शेतात चुना कुनी लावला? आन् आट-नऊ शेर वजन त्याचं. तू फेकून दाव बरं मला पन्नास पावलं. जेवू घालते तुला."

जागेवर पोचलो तर खरोखर तिची सून आणि आणखी एक बाई खडीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि मुकादम दंताळं धरून त्यांच्या पुढे उभा होता. मी त्याच्या हातातून दंताळं घेतलं आणि शेतात भिरकावलं. मग बायांना उठवलं आणि खाली बघितलं.

आता इथं मला थोडं मागचं सांगावं लागेल. जमादार होण्याआधी मी चार वर्षं एका गोऱ्या पोलीस साहेबाचा ऑर्डर्ली होतो. त्याच्याकडे फटफटी होती, बाजूला डबा जोडलेली. दौऱ्यावर मी डब्यात बसायचो. डबा काढला की मला मैदानावर शिकवायचा. माणूस शिवराळ, पण शिकवायचा मन लावून. तो म्हणायचा, घट्ट रस्त्यावर कोणीही गाडी चालवील, खडीवर चालव तर मानतो. आणि मग मला खडीवर पाडायचा. सात-आठ वेळा पाडलं. कोपरावर वण अजून आहेत.

त्याने शिकवलं ते असं. खडी यायच्या आधीच वेग कमी करायचा, खडीवर चढल्यावर नाही. हँडल आवळून धरायचं नाही. पुढचं चाक थोडं इकडेतिकडे करणारच, करू द्यायचं. गुडघ्यांनी टाकी धरायची आणि हात सैल सोडायचे. नजर चाकापुढच्या दगडावर ठेवायची नाही, लांब ठेवायची, कारण जिथे बघशील तिथे जाशील. जिथून गाड्या गेल्यात त्या दबलेल्या पट्ट्यातून जायचं, वळायचं ते मोठ्या अंगाने. आणि सगळ्यात पहिलं म्हणजे पुढच्या चाकाचा ब्रेक धरायचा नाही. मेलास तरी धरायचा नाही. घट्ट जमिनीवर तो गाडी थांबवतो, खडीवर तो फक्त चाक थांबवतो, गाडी पुढेच जाते. थांबलेलं चाक नांगराच्या फाळासारखं खडी उकरत जातं आणि मग आडवं होतं. थांबायचं तर गॅस सोडायचा आणि मागचा ब्रेक हळूहळू दाबायचा.

खडीत एक चरी पडली होती. मधोमध, दोन बोटं खोल, दोन्ही बाजूंना खडी वर आलेली, अगदी फाळाने काढावी तशी. मी पावलांनी मोजली. अकरा पावलं. अकराव्या पावलाला ती उजवीकडे वळली आणि धोंड्यांच्या ओळीत घुसली. तिथे ओळीतला एक धोंडा नव्हता, त्याचा ताजा खळगा होता. त्याच्यापुढे दोन हातांवर बाईची जागा.

दगड खांद्याला लागून माणूस पडला तर तो लागल्या जागी पडतो. अकरा पावलं ब्रेक धरून जात नाही. ह्याने मेंढरं रस्ता ओलांडताना पाहिली, वेग होता म्हणून घाबरला आणि पुढचा ब्रेक आवळला. बाई तर रस्त्यावरही नव्हती. धोंड्यांच्या आड, बंद केलेल्या चाकोरीवर, जिथे गाडी येऊ शकत नाही अशा जागी ती बिचारी मेंढरं हाकत उभी होती.

वडारीण म्हणाली, "मी लांबनं बघितलं. फटफटी आडवी झाली आन् बाईला घिऊनच गेली. तवा धनगर पळत आला, वळीतला धोंडा उचलला. आन् मग टाकून दिला."

"काल का नाही सांगितलंस?"

"काल इचारलंस का?"

मी पंच बोलावले, पंचनामा केला, चरी मोजून लिहिली. ह्या वेळी सगळं लिहिलं.

दुपारी फौजदार साहेब परतले. मी त्यांना सगळं सांगितलं, थोबाडीतसुद्धा. ते म्हणाले, "चरीवरून ठेकेदाराच्या पोराला धरायचा? सोलापुरातून उद्या मलाच बोलावणं येईल. त्याच्या तोंडून काही निघतंय का बघ."

संधी चालून आली. मुलगा फटफटी सोडवून न्यायला आला. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. फौजदार साहेब आतल्या खोलीत दार लोटून बसले. मी म्हणालो, "साहेब, आम्ही अडाणी माणसं. खात्यात फटफट्या येणार म्हणतात. सायकल खडीवर घसरते तर ही कशी चालवायची? भीती वाटते."

तो खुलला. "भीती कसली? जोरात घ्यायची. हळू गेलात की डुगडुगते."

"आणि मध्ये जनावर आलं तर?"

"नव्या गाडीला पुढचा ब्रेक आहे ना. आवळायचा. जागच्या जागी उभी राहते."

"खडीवरसुद्धा?"

"खडीवरसुद्धा."

"काल उभी राहिली नाही, साहेब."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मी म्हणालो, "काल तुम्ही आवळला तो अकरा पावलं आवळला. मी मोजलाय. दगड कुठल्या पावलाला लागला तेवढं सांगा, म्हणजे लिहितो. आणि कोट काढा, खांदा बघू."

खांदा कोरा होता. वण नाही, काळंनिळं नाही. त्याने बटणं लावली आणि हळूच म्हणाला, "मला वाटलं तो मला मारणार. हातात धोंडा होता त्याच्या."

"वाटलं म्हणून फिर्याद दिलीत?"

"वडील म्हणाले, आधी आपण जाऊन सांगावं. जो आधी सांगतो त्याचं खरं होतं."

मला त्या क्षणी त्याला मारावंसं वाटलं. मारलं नाही. मनाचा मोठेपणा नव्हे. चांगल्या कपड्यातल्या माणसावर माझा हात उठत नव्हता, इतकंच. आदल्या दिवशी तो किती पटकन उठला होता.

फौजदार साहेब बाहेर आले. त्यांनी नवी जबानी घेतली, सही घेतली. मी म्हणालो, "धनगराला सोडू?" तर म्हणाले, "वरचा हुकूम येऊ दे." हुकूम तिसऱ्या दिवशी दुपारी आला.

फटफटीवाल्याचं काय झालं ते इथेच सांगून मोकळा होतो. हयगयीने मृत्यू घडवला म्हणून खटला झाला, दंड झाला, त्याने भरला. पुढे तो मोठा माणूस झाला. माझ्या गल्लीतली पोरं आज फटफट्या घेऊन नव्या खडीवरून जोरात जातात आणि मी ओरडलो की म्हणतात, "आजोबा, घरात बसा." बसतो. पण त्यांच्या चाकापुढे उभं असलेलं माणूस कुठे बसणार आहे?

कोठडी उघडली तेव्हा धनगर बाहेर आला आणि एवढंच म्हणाला, "ती कुटं हाय?"

"दवाखान्यात. चल, मी येतो."

आम्ही सोलापूरला गेलो. वाटेत तो शुक्रवार पेठेत थांबला. सवाष्ण गेलेली बाई, तिला हिरवा खण आणि हळदकुंकू पाहिजे, म्हणाला. घेतलं. दुकानदाराने चांगला खण काढला, तर ह्याने त्याचा काठ बोटांनी तपासला, दुसरा मागितला, तो घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा धास्ती वाटली. तीन दिवस, आणि उन्हाळा. प्रेत इतकं ठेवतात का?

दवाखान्यातल्या माणसाने वही काढली. "वळसंगाकडची धनगरीण? काल संध्याकाळी दफन केली. वारस नव्हता. तुमच्याच चिठ्ठीत लिहिलंय." त्याने मला माझंच अक्षर दाखवलं. त्या माणसाचा काही दोष नव्हता. त्याने कागद वाचला.

बेवारशांची जागा गावाबाहेर होती. तिथला राखणदार म्हातारा होता. त्याने एका रांगेकडे बोट केलं. सात नवे ढिगारे, एकसारखे. साथीचे दिवस होते.

"ह्यातली कुठली?"

"काल चार आणली, आधीची तीन. कोन कुटं ते न्हाय सांगता येत. कपड्यात बांधल्याली असत्यात."

धनगर माझ्याकडे वळला. "वारस न्हाय म्हनून कुनी लिवलं?"

"मी."

तो एक पाऊल जवळ आला. मग म्हणाला, "लिवता येतंय म्हनून काय बी लिवावं व्हय?"

 

मग त्याने खण माझ्या हातात दिला. "जमादार, फाडा ह्यो. सात तुकडं करा."

मी फाडला. नवं कापड, लवकर फाटेना. तो एकेका ढिगाऱ्यापाशी बसला, तुकडा मातीत खोचला, हळदकुंकू वाहिलं, ओंजळभर माती टाकली. राखणदार मागून म्हणाला, "आरं, ह्यात गडी बी असतील की."

"असू द्या," तो म्हणाला. "त्यांचं बी कुनी आलं न्हाय."

त्याने मला हौदावरून पाणी आणायला सांगितलं. सात घागरी मी आणल्या, डोक्यावर पोलिसाची पगडी होती आणि लोक बघत होते. त्याने सातही ढिगाऱ्यांवर पाणी घातलं आणि वळसंगाच्या रस्त्याला लागला. मेंढरं तीन दिवस वडारणीने राखली होती, हे मला नंतर कळलं.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं तर मी चरीचं, चुन्याचं आणि खांद्याचं सांगतो. तपासाच्या गोष्टी ऐकायला लोकांना बऱ्या वाटतात. पण तपास मी दुसऱ्या दिवशी केला. पहिल्या दिवशी केला असता तर बाईला तिच्या माणसाच्या हातची माती मिळाली असती. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी वारसाच्या रकान्यात खरं नाव लिहिलं, मग तो कोठडीत असो की फासावर जाणारा असो. दोन फौजदारांनी त्यावरून झापलं. झापू दे.

माझी बायको गेली तेव्हा मी उशाशी होतो. तिच्या तोंडात पाणी मी घातलं, कुंकू मी लावलं, अग्नी मी दिला. कोणी कागदावर मला 'हजर नाही' म्हटलं नाही. राग येतो तो ह्याचाच. हे सगळं एका माणसाकडून मी काढून घेतलं होतं, आणि माझ्याकडून ते कोणीच काढून घेतलं नाही.